पोकलेन हलवायचं आहे? आधी टेप घ्या, मग ट्रेलरवाल्याला फोन लावा

सातारा जिल्ह्यात पोकलेनला काम कमी नाही. माण-खटावात बंधारे, तलावातला गाळ, जमिनीचं सपाटीकरण. पाटण-जावळीत डोंगर कापून होणारे रस्ते. शिरवळ-केसुर्डीकडे कारखान्यांचे पाये. ऑपरेटर म्हणून काही वर्षं काढलेली पोरं आता कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतात. मशीन चालवण्यात ती पक्की असतात. पण एका साइटवरून दुसऱ्या साइटवर मशीन न्यायची वेळ आली की सगळं ट्रेलरवाल्यावर सोपवून मोकळी होतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ट्रेलर त्याचा असला तरी मशीन तुमचं, हप्ता तुमचा. गावात विजेची तार तुटली तर लोक आधी तुम्हालाच गाठणार.

या कामातले निम्मे प्रश्न ट्रेलर सुरू होण्याआधीच सुटतात किंवा फसतात. म्हणून भाड्याची बोलणी करण्याआधी मोजमाप करा आणि रस्ता बघा. पुढचं सगळं वीस टनी पोकलेन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त चालतं. डोझर, रोलर किंवा तीस टनी मशीन असलं तरी कामाचा क्रम हाच.

पायरी १: मशीनचं खरं माप काढा

मशीनवरची पाटी आणि सोबत आलेलं पुस्तक बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुस्तकातलं वजन ठरावीक बकेट लावलेल्या कोऱ्या मशीनचं असतं. तुम्ही जड रॉक बकेट लावली असेल, ब्रेकर चढवला असेल, तर वजनही बदलतं आणि लांबीही. ट्रॅकमध्ये आणि खालच्या फ्रेमवर बसलेली काळी माती काढली नाही तर तीही वजनात येते. शंका असेल तर भरलेला ट्रेलर जवळच्या वजनकाट्यावर घ्या आणि त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा.

वीस टनी वर्गातलं मशीन साधारण २० ते २२ टन भरतं. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी शूच्या, म्हणजे ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांच्या, मापानुसार २.८ ते ३ मीटर. बूम (मशीनचा मोठा हात) आणि आर्म (त्याच्या पुढचा, बकेट धरणारा हात) दुमडून ठेवल्यावर उंची तीन मीटरच्या आसपास, लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास. या चार आकड्यांचा कागद खिशात ठेवा. टेपने मोजताना बूमच्या पाठीवरून जाणारे हायड्रॉलिक पाइप धरूनच उंची घ्या, कारण तार किंवा फांदी आधी त्यांनाच लागते.

मोटार वाहन नियमांत रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंतच धरली आहे. म्हणजे वीस टनी पोकलेन वजनात बसतं, पण रुंदीत बसत नाही. नवा माणूस वजनाला भितो, काटा होईल का विचारतो, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या ट्रॅककडे बघतही नाही. ज्याला आपण ओडीसी म्हणतो, ती ओव्हर डायमेन्शनल कार्गोची भानगड या वीतभर रुंदीपासून सुरू होते.

जेसीबी, म्हणजे पुढे लोडर आणि मागे बकेट असलेलं टायरवरचं मशीन, यात येत नाही. त्याची आरटीओकडे नोंद असते, साताऱ्याची एमएच-११ किंवा कराडची एमएच-५० ची पाटी असते, आणि जवळच्या कामावर ते आपल्या चाकांवर जातं. दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं असेल तरच ट्रेलरचा विचार करा.

पायरी २: गाडी निवडा

बाजारात तुम्हाला तीन शब्द ऐकू येतील: हाय-बेड, सेमी लो-बेड आणि लो-बेड. फरक डेकच्या, म्हणजे मशीन ठेवायच्या सपाट भागाच्या, उंचीचा. हाय-बेडचा डेक जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, सेमीचा मीटरभराहून थोडा वर, आणि लो-बेडचा मीटरभर किंवा त्याहून खाली. तीन मीटर उंचीचं पोकलेन लो-बेडवर ठेवलं तर एकूण उंची चार मीटरच्या आसपास राहते. तेच हाय-बेडवर ठेवलं तर साडेचार. हा अर्धा मीटर महामार्गावर फारसा जाणवत नाही. गावच्या वेशीवरच्या तारेखाली मात्र तोच जिवावर बेततो.

हाय-बेडचं भाडं कमी सांगितलं म्हणून भुलू नका. वीस टनाला लो-बेडच घ्या. सेमी घ्यायचा तर रस्ता बघून झाल्यावर.

वजनाचा हिशोब कागदावर मांडा. पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि रिकामा तीन ॲक्सलचा लो-बेड मिळून वीस टनांच्या आसपास भरतात, त्यात तुमचं २१ टन. एकूण ४१-४२ टन. २०१८ साली ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली आणि पुलर-ट्रेलरची कमाल मर्यादा ५५ टनांपर्यंत गेली, पण तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीची मर्यादा तिच्या आरसीवर लिहिलेली असते. आरसीचा फोटो मागून घ्या. देणारा माणूस कुरकुरला तर दुसरा ट्रेलर बघा.

गाडी जाऊन बघता आली तर फारच चांगलं. ट्रेलरचे टायर, विशेषतः आतल्या जोडीतले, हाताने चाचपून बघा. डेकवरच्या फळ्या कुजलेल्या नाहीत ना, चेन अडकवायच्या कड्या डेकला पक्क्या वेल्ड आहेत ना, मागच्या रॅम्पचे बिजागर वाकलेले नाहीत ना, हे बघा. ट्रेलरच्या ब्रेकची हवेची नळी कुठे फुसफुसते का, तेही ऐका.

आणखी एक रीत आपल्याकडे सर्रास दिसते: मातीचा बांध घालून वीस टनी मशीन साध्या दहा किंवा बारा चाकी ट्रकवर चढवणं, आणि बांध कमी पडला तर बकेट टेकवून मशीनचं पुढचं अंग उचलून वर घेणं. हे करू नका. ट्रकचा डेक उंच, फाळके अरुंद, ट्रॅक बाहेर लोंबतात आणि बांधायला जागाच नसते. सात-आठ टनी छोटं पोकलेन ट्रकवर नेता येतं, तेही उंची मोजून आणि चारही कोपरे बांधून.

पायरी ३: रस्ता बघा, शेवटपासून सुरुवात करून

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आणि रस्ता उलटा बघा: आधी साइट, मग गाव, मग राज्यमार्ग, आणि शेवटी महामार्ग. एनएच-४८ वरून, म्हणजे पुणे-सातारा-कोल्हापूर महामार्गावरून, ट्रेलर कुणीही आणतो. खरी कसोटी शेवटच्या दोन किलोमीटरची.

साइटवर बघायचं ते असं. पुलर धरून पंधरा-सोळा मीटर लांबीची गाडी वळेल का? वळणार नसेल तर मागे किती घ्यावी लागेल? जमीन काळी आहे की मुरमाड? खटाव-फलटण पट्ट्यात पाटाच्या पाण्याने भिजलेल्या शेतात भरलेला लो-बेड गेला की रुततो, आणि त्याला बाहेर काढायला तुमचंच पोकलेन आधी खाली उतरवावं लागतं, तेही रुतलेल्या ट्रेलरवरून. उतरवायची जागा रस्त्याच्या कडेला, कडक मुरमावर ठरवा. पश्चिमेकडे पावसाळ्यात साइडपट्टीचा भरवसा धरू नका. डांबराची कड सोडून चाक खाली गेलं की ट्रेलर कलतो.

मग तारा. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी घरगुती दाबाची तार किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटर उंच असायला हवी. तेवढी असेल तर चार मीटरच्या लोडला धोका नाही. पण गावात रस्त्यावर थरावर थर चढून रस्ता उंच होतो, खांब कलतो, उन्हाळ्यात तार सैल पडते. कुणीतरी शेतातल्या मोटरसाठी किंवा मांडवासाठी ओढलेली तार तर कुठल्याच नियमात नसते. म्हणून मोटरसायकलवरून एक फेरी मारा, सकाळच्या उजेडात, आणि शंकास्पद तारांची जागा लिहून घ्या: शाळेजवळ, दूध डेअरीसमोर, वेशीच्या कमानीला लागून. कमानीची उंची-रुंदीही मोजा. कित्येक गावांच्या स्वागत कमानी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हिशोबाने बांधलेल्या असतात.

तार खाली असेल तर महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या. लाइनमन येतो, लाइन बंद करतो, तार उचलून धरतो किंवा ताणून देतो. यात एखादा दिवस जातो, जाऊ द्या. याऐवजी जे चालतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. हेल्पर पोकलेनच्या छपरावर उभा राहतो, हातात बांबू, आणि ट्रेलर इंचाइंचाने पुढे जात असताना एकेक तार बांबूने वर ढकलतो. बांबूच्या टोकाला कधी फडकं गुंडाळलेलं असतं, कधी तेही नसतं. खाली चार लोक "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतात. बांबू हिरवा असला, दवाने ओला असला की वीज त्यातून येते. ११ केव्हीला तर स्पर्शही लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की ती उडी मारते. तुमच्या मशीनवर कुणालाही बांबू घेऊन चढू देऊ नका. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, रोजचं आहे आमचं," तरी नको.

मशीन तारेला चिकटलंच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब पळायचं, आणि १९१२ वर फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची. एक हात गाडीला आणि पाय जमिनीला असं उतरायचं नाही.

रेल्वेचं फाटक असेल तर विजेच्या मार्गावर दोन्ही बाजूंना लोखंडी आडवी कमान, म्हणजे हाइट गेज असतो. त्याखालची मोकळी उंची साडेचार मीटरच्या थोडी वर असते. चार मीटरचा लोड जातो, हाय-बेडवरचा साडेचारचा घासायच्या बेतात येतो. फाटकाच्या उंचवट्यावर लो-बेडचं पोट टेकतं का, तेही बघून ठेवा.

पुलांपैकी महामार्गावरच्यांची काळजी कमी. गावाकडचे जुने दगडी किंवा अरुंद पूल, ओढ्यावरचे नळ्यांचे फरशीपूल हे खरे नाजूक. पुलाच्या तोंडाशी भारमर्यादेची पाटी असेल तर ती शोभेची समजू नका. अवजड लोडच्या परवानगीत लिहिलेली शिस्त त्या परवानगीत नाव नसलेल्या छोट्या पुलावरही पाळा: पुलाच्या मध्यातून, ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने, पुलावर दुसरं वाहन नसताना, आणि ब्रेक न लावता पार व्हायचं.

आता घाट. नवी मशीनं आपल्याकडे दोन दिशांनी येतात. चाकण-तळेगावकडच्या कारखान्यांतली पुण्याहून, धारवाडची कोल्हापूर-कराडकडून. कराडकडून येणाऱ्याला कराड ते सातारा घाट लागत नाही. पुण्याकडून येणाऱ्याला खंबाटकी चढावा लागतो, आणि भरलेला ट्रेलर चढणीवर बंद पडला तर मागे किलोमीटरभर रांग लागते. साताऱ्याकडून पुण्याला जाताना जुन्या बोगद्यानंतरचा उतार आणि पुढचं एस वळण अपघातांसाठीच ओळखलं जातं. तिथे बोगद्यात शिरायच्या आधीच खालचा गिअर पाडा. फलटण किंवा दहिवडीकडे जायचं असेल तर खंबाटकी टाळता येतो: शिरवळला महामार्ग सोडायचा, लोणंदमार्गे फलटण. पुढे दहिवडीला मोगराळे घाट आहेच. वडूजला जायचं तर साताऱ्याच्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून कोरेगाव, वर्धनगड घाट, पुसेगाव असं जा. सातारा शहरात, पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरकडे, ट्रेलर नेऊच नका.

पसरणी, केळघर, यवतेश्वर हे वेगळं प्रकरण आहे. लांब लो-बेड तिथल्या हेअरपिन वळणावर एका दमात वळत नाही आणि वळणाच्या उंचवट्यावर पोट घासतं. जावळी-महाबळेश्वरकडच्या बहुतेक कामांना सात-आठ टनी मशीन पुरतं. माझा सल्ला तोच: वर मोठं मशीन न्यायचा हट्ट धरू नका. न्यायचंच असेल तर कमी लांबीचा लो-बेड घ्या, ड्रायव्हरला आधी मोटारीतून घाट दाखवा, आणि पोलिसांशी बोलून वाहतूक थांबवायची वेळ ठरवा. चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांचे भले मोठे भाग घाट चढूनच वर गेले. काम अशक्य नसतं, त्याला तयारी लागते.

शेवटी पंचांग बघा. आषाढीच्या आधी माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. त्या दिवसांत शिरवळ-लोणंद-फलटण वाट विसरा. पौषात मांढरदेवी आणि पालची यात्रा, मार्गशीर्षात पुसेगाव आणि म्हसवड. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, कारखान्यांच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर ट्रॅक्टरच्या जुगाडांची आणि बैलगाड्यांची रांग असते. तीन मीटर रुंद लोड घेऊन त्या रांगेत शिरणं म्हणजे तिचे आणि तुमचे दोघांचेही हाल. शिवाय ज्या गावातून जायचं तिथला बाजारचा दिवस विचारून घ्या.

पायरी ४: कागद

रुंदी २.६ मीटरच्या पुढे गेली की परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, राज्याच्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि आरटीओकडे जावं लागतं. अर्ज बहुधा ट्रेलरवाला करतो. पण त्यात भरलेली मापं तुमच्या खिशातल्या कागदाशी जुळतात का, हे तुम्ही बघा. परवानगी एका ठरावीक गाडीची, ठरावीक मार्गाची आणि ठरावीक मुदतीची असते. ऐनवेळी दुसरा पुलर जोडला की ती कामाची राहत नाही.

"इतकी मशीनं जातात, कोण विचारतंय," असं तुम्हाला सांगितलं जाईल. विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे, लोड बाजूने बाहेर आला तर २०,००० रुपये वेगळे, आणि लोड उतरवून ठेवायचा खर्चही तुमचाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाला आणि परवानगी नसली तर विमा कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं.

जीएसटीचं ई-वे बिल भरताना एक गोष्ट हमखास सुटते. त्यात वाहनाचा प्रकार विचारतात: रेग्युलर की ओव्हर डायमेन्शनल कार्गो. रेग्युलर टाकलं तर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. ओडीसी टाकलं तर २० किलोमीटरला एक दिवस. समजा अंतर १६० किलोमीटर आहे. रेग्युलरमध्ये तुम्हाला एकच दिवस मिळेल आणि घाटात ट्रेलर अडकला की बिल संपेल. ओडीसीमध्ये आठ दिवस मिळतात. मशीन विकलेलं नाही, तुमचंच तुमच्या कामावर जातंय, तर विक्री बिलाऐवजी डिलिव्हरी चलान करा. मशीन खरेदीच्या बिलाची प्रत सोबत ठेवा. त्यावरचा सीरियल नंबर पाटीशी जुळला की चौकशी लवकर संपते.

विम्याचं नीट विचारा. मशीनच्या सीपीएम पॉलिसीत, म्हणजे ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीच्या विम्यात, रस्त्यावरच्या प्रवासातलं नुकसान आपोआप धरलेलं नसतं. ते जोडून घ्या किंवा त्या फेरीपुरता ट्रान्झिट विमा काढा. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवर, मशीनची किंमत लिहून घ्यायला विसरू नका. रस्ते वाहतुकीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर मान्य केलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. तीस हजार भाडं असेल तर तीन लाख. तुमच्या मशीनचा हप्ता किती वर्षांचा आहे ते आठवा आणि किंमत लिहून घ्या.

भाडं ठरवताना टोल कुणाकडे, परवानगीचा खर्च कुणाकडे, पायलट गाडी (पुढे चालून वाट मोकळी करणारी) कोण देणार आणि साइटवर थांबावं लागलं तर हॉल्टिंग किती, हे चारही मुद्दे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

पायरी ५: मशीन चढवणं

जागा सपाट, कडक, आणि वर तार नसलेली. पुलरचा हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. रॅम्पचा चढ १५ अंशांच्या आत हवा. मीटरभर उंचीच्या डेकला म्हणजे रॅम्प चार मीटरच्या आसपास. ट्रेलरचा रॅम्प आखूड असेल तर त्याच्या पायथ्याशी मुरमाचा थर टाकून दाबून घ्या.

मशीन ट्रेलरजवळ आणताना डांबरी रस्ता ओलांडायचा असेल तर ट्रॅकखाली जुने टायर घाला. दोन माणसं मागचे टायर उचलून पुढे आणून टाकतात आणि पोकलेन त्यावरून सरकतं, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. काम किचकट आहे, पण उखडलेल्या डांबराचा खर्च आणि गावाशी भांडण दोन्ही वाचतात.

चढण्याआधी ट्रॅक आणि रॅम्प खरवडून माती, तेल काढा. लोखंडावर लोखंड घसरतं. रॅम्पवर आणि डेकवर लाकडी फळ्या किंवा क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे टाका. स्पीड कासवाच्या खुणेवर (सर्वांत कमी), ऑटो-आयडल (इंजिन आपोआप मंद करणारी सोय) बंद, ट्रॅकचे स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारी दातेरी चाकं) मागच्या बाजूला, बूम पुढे. मशीन ट्रेलरच्या मध्यरेषेवर सरळ लावा. रॅम्पवर एकदा चढलं की वळवायचं नाही. रेषा चुकली तर पूर्ण खाली येऊन पुन्हा सरळ करा.

रॅम्प संपून डेक सुरू होतो तिथला क्षण ऑपरेटरचा कस बघतो. मशीनचं पुढचं अंग हवेत असतं, वजन मागे. आणखी थोडं सरकलं की तोल पुढे जातो आणि वीस टन धाडकन डेकवर पडतात. हे टाळायला आर्म उघडा ठेवून बकेट डेकपासून जराशी वर धरायची, आणि तोल कलू लागला की बकेट हळूच टेकवून मशीन अलगद खाली बसवायचं. इथे ऑपरेटरला इशारे देणारा एकच माणूस असावा, तोही त्याला दिसेल असा बाजूला. बाकी सगळ्यांना लांब करा, विशेषतः ट्रेलरच्या बाजूला मोबाइल धरून उभे असलेल्यांना.

डेकवर कुठे थांबायचं ते ड्रायव्हर सांगेल, त्याचं ऐका. वजन फार मागे गेलं तर पुलरची मागची चाकं हलकी होऊन घाटात पकड सोडतात, फार पुढे गेलं तर पुलरच्या ॲक्सलवर बोजा येतो. वरचा भाग फिरवून बूम मागे ठेवायची की पुढे, हेही त्याच्याशी ठरवा. पुढे ठेवली तर ती गूजनेकवर, म्हणजे पुलरला जोडलेल्या ट्रेलरच्या उंच मानेवर, जाते आणि उंची वाढते. बकेट आणि आर्मच्या सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर काढून, म्हणजे दोन्ही आत दुमडून, बूम खाली घ्या, बकेटखाली लाकडी ठोकळा द्या, स्विंग लॉक (वरचा भाग फिरू न देणारा) लावा, सेफ्टी लिव्हर वर, चावी काढून खिशात. सायलेन्सरच्या तोंडावर डबा किंवा प्लास्टिक घट्ट बांधा, नाहीतर वारा शिरून बंद इंजिनचा टर्बो ऑइलशिवाय फिरत राहतो. मग एकदा टेपने जमिनीपासून एकूण उंची मोजा. हा आकडा ड्रायव्हरला तोंडी सांगा आणि केबिनमध्ये चिकटवून ठेवा.

पायरी ६: बांधणं

"वीस टन आहे, कुठे जातंय," हे वाक्य ऐकलं की समजा समोरचा माणूस बांधायचा कंटाळा करतोय. जोरात ब्रेक लागला तर लोड आपल्या वजनाच्या ८० टक्क्यांइतक्या जोराने पुढे रेटतो. २१ टनांच्या मशीनला हा जोर सुमारे १७ टन. वळणावर बाजूला साधारण निम्म्या वजनाचा. नायलॉनचा दोर आणि नारळाचा काथ्या इथे कामाचे नाहीत.

ग्रेड ८० ची चेन वापरा. या ग्रेडची १० मिलिमीटरची चेन उचलण्याच्या कामाला ३.१५ टनांची आणि १३ मिलिमीटरची ५.३ टनांची धरतात. वीस टनी मशीनला १३ मिलिमीटरच्या किमान चार चेन, चारही कोपऱ्यांवर, पुढच्या दोन पुढे आणि मागच्या दोन मागे ओढणाऱ्या, प्रत्येकीला स्वतंत्र रॅचेट बाइंडर, म्हणजे चेन ताणायचं दांड्याचं साधन. बूम-बकेटला पाचवी. चेन मशीनच्या खालच्या फ्रेमला असलेल्या बांधायच्या जागी अडकवा. ट्रॅकच्या शूला, सिलिंडरच्या रॉडला किंवा पायऱ्यांना नको. कड्याला बोल्ट घालून जोडलेली चेन दिसली तर ती बाजूला काढायला सांगा, तिची ताकद त्या बोल्टाएवढीच.

रुंदीच्या चारही टोकांना दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे. मागे परावर्तक पट्टी.

पायरी ७: वाटेत

शक्यतो पहाटे निघा आणि उजेडातच पोहोचा. पुढे पायलट गाडी असू द्या. ती तुमच्याच दोस्ताची जीप असली तरी चालेल, पण तिच्यात रस्ता पाहिलेला माणूस आणि चालू फोन हवा. पायलटने अरुंद रस्त्यावर पुढे जाऊन समोरची एसटी रुंद जागेत थांबवून ठेवायची. ट्रेलर तोंडासमोर आल्यावर हात करून उपयोग नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा आणि चेन तपासा. फळ्या दबतात, मशीन बसतं आणि चेन सैल पडतात. रॅचेटला एक-दोन दात नक्की मिळतात. त्यानंतर प्रत्येक घाटाच्या आधी आणि नंतर पुन्हा. थांबलं की टायर आणि ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तो ब्रेक चिकटलेला आहे.

आनेवाडी आणि तासवडे टोलला कडेची रुंद लेन धरा. आतल्या लेनमध्ये तीन मीटरचं मशीन बूथला घासायच्या बेतात जातं. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावून. डिझेल वाचवायच्या नादात ड्रायव्हर न्यूट्रल मारत असेल तर तिथेच गाडी थांबवून बोला. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ वर फोन करा आणि मागे पुरेशा अंतरावर कोन लावा, रस्त्यावर दगड ठेवू नका.

पायरी ८: उतरवणं आणि पोच

पोहोचल्यावर घाई होते. ऑपरेटर भुकेला, ड्रायव्हरला परतीचं भाडं गाठायचं, शेतमालक वाट बघत बसलेला. तरीही आधी जागा बघा, ट्रेलर सपाट उभा करा, चाकांना ठोकळे लावा, आणि मगच चेन सोडा. ताणलेली चेन सोडताना बाइंडरचा दांडा उलटा येऊन तोंडावर बसतो. म्हणून समोर वाकून न उभं राहता बाजूने सोडा. सायलेन्सरवरचा डबा काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. उतरताना तोच क्रम उलटा: तोल कलण्याच्या जागी बकेटचा आधार आणि कासवाचा वेग.

मशीन खाली आलं की त्याच्याभोवती एक फेरी मारा. पाइप, काच, छप्पर, बूमच्या पाठीवरची फिटिंग बघा. काही लागलेलं असेल तर फोटो काढा आणि बिल्टीच्या पोचेवर तसं लिहूनच सही करा. "मशीन मिळालं, कॅबची डावी काच तडकलेली" एवढी एक ओळ पुरते. कोऱ्या पोचेवर सही केली की नंतर काच कुठे फुटली हे कुणालाच ठरवता येत नाही. उरलेलं भाडं ही पोच हातात आल्यावर द्या, आणि तिची एक प्रत मशीनच्या फाइलमध्ये परवानगी, ई-वे बिल आणि विम्याच्या कागदांसोबत लावून ठेवा. पुढच्या साइटला जाताना निम्मी कागदपत्रं इथूनच निघतील.